‘म्हणे’ कुठे गेले?

धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणाऱ्या मुलांच्या पालकांपैकी दोघा-तिघांनी आमच्याकडे एक मागणी केली आहे. रविवारची मिस्सा संपल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत मोठे मुलगे चर्चच्या आवारात घोळका करून नव्या येणाऱ्या गेमिंग कन्सोलच्या गप्पा मारतात, त्या आम्ही बंद कराव्यात. ‘प्लेस्टेशन ६’ कधी येणार, पुढचा एक्सबॉक्स कसा असणार, किंमत लाखावर जाणार का, हाच विषय. चर्चच्या आवारात या अफवा कशाला, असे पालकांचे म्हणणे.

आम्हांला ही मागणी पटली नाही. का पटली नाही ते इथे लिहितो, कारण प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही.

ज्या वडीलधाऱ्या वाचकांना कन्सोल हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचे ते यंत्र. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या तीन कंपन्या मुख्यतः ती बनवतात, आणि एक यंत्र जाऊन त्याच्या जागी नवे यायला सहा-सात-आठ वर्षे लागतात. प्लेस्टेशन ४ आला २०१३ मध्ये, ५ आला २०२० मध्ये. निन्टेंडोचा स्विच मार्च २०१७ चा, स्विच २ आला ५ जून २०२५ ला. मधल्या वर्षांत कंपन्या पुढच्या यंत्राविषयी तोंड उघडत नाहीत. त्याला धंद्यातले साधे कारण आहे. पुढचे येते आहे असे सांगितले की आताचे कोणी घेत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्बर्न या संगणक कंपनीने पुढच्या मॉडेलची वाच्यता वेळेआधी केली आणि दुकानातल्या मालाची विक्री बसली. त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. दिवाळ्याला इतरही कारणे होती, पण बाकीच्या कंपन्यांनी धडा घेतला तो हाच.

तेव्हा कंपनी गप्प आणि गिऱ्हाईक उतावीळ. या दोहोंच्या मध्ये जी मोकळी जागा राहते तिथे कंड्या पिकतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आवारातल्या आमच्या मुलग्यांना तंतोतंत लागू पडते. त्यातल्या निम्म्यांच्या घरी आजचाही कन्सोल नाही. तरी चिपचा वेग, मेमरीचे भाव, डॉलरचा दर यांचा हिशेब मांडून ती मुले जेव्हा किंमत काढतात तेव्हा त्यांचे डोके असे चालते की त्यांच्या गणिताच्या शिक्षकांनी येऊन पाहावे. तर्क करणे हे पाप नव्हे. देवाने बुद्धी दिली ती वापरायलाच.

आमची काळजी वेगळी आहे. या गप्पांतून एक लहानसा शब्द गळून पडला आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘म्हणे’.

“नवा कन्सोल पुढच्या वर्षी येणार आहे म्हणे.” या एका शब्दाने बोलणारा किती प्रामाणिकपणे आपला हात दाखवतो पाहा. हे मी पाहिलेले नाही, कानावर आले ते सांगतो, तुम्हीही जपून धरा. आमच्या बेळगावात शेजारचा कानडी माणूस हेच काम क्रियापदाला ‘अंते’ जोडून करतो, आणि घरी कोंकणी बोलणारी मंडळी ‘खंय’ म्हणून. तीन भाषांच्या या गावात तिन्ही भाषांनी ऐकीव गोष्टीला वेगळी खूण ठेवली आहे. आपल्या आज्या-पणज्यांना सांगोवांगीचे धोके ठाऊक होते. मुले मात्र आपली बातमी इंग्रजी-हिंदी व्हिडिओंवरून उचलतात. तिथे मथळ्यावर ‘कन्फर्म्ड’ असे तांबड्या अक्षरांत लिहिलेले असते, आणि आवारात पोचेपर्यंत त्याचे “येणार आहे” होते. कशावरून, असे कोणी विचारले तर विचारणारा वेडा ठरतो.

अफवा कशी तयार होते याचे एक उदाहरण आम्ही वर्गात सांगतो, ते मुलांना फार आवडते. २०१६ साली निन्टेंडो ‘एनएक्स’ या सांकेतिक नावाने एक यंत्र बनवत होती. मार्च महिन्यात इंटरनेटवर एका कंट्रोलरची छायाचित्रे फिरू लागली. अंडाकृती आकार, कडेपर्यंत नुसती काच. जगभरच्या शौकिनांनी त्यावर लेख लिहिले, वाद घातले. थोड्याच दिवसांत ती बनवणाऱ्यांनी स्वतःच सांगून टाकले की हे आमचे हातकाम, बनावट आहे. कसे बनवले तेही दाखवले. गंमत पुढेच आहे. ती फसवणूक पूर्ण हवेतली नव्हती. निन्टेंडोच्या एका पेटंट अर्जात अंडाकृती पडद्याचे चित्र खरोखरच होते. पराचा कावळा म्हणतो आपण. इथे पर खरे होते, कावळा तेवढा घडवलेला.

आणि त्याच वर्षीची दुसरी बाजू. जुलैमध्ये ‘युरोगेमर’ या ब्रिटिश संकेतस्थळाने बातमी दिली की हे यंत्र हातात धरून खेळण्याचे आहे, त्याचे दोन्ही बाजूंचे कंट्रोलर सुटे होतात आणि ते टीव्हीलाही जोडता येते. एकाहून अधिक माहीतगारांकडून ही गोष्ट आल्याचे त्यांनी म्हटले होते. २० ऑक्टोबरला निन्टेंडोने स्विच जाहीर केला तो तसाच निघाला. म्हणजे मार्चमधले छायाचित्र आणि जुलैमधली बातमी, दोन्ही त्या दिवशी अनधिकृतच. पण एकाच्या मागे कष्ट होते आणि दुसऱ्याच्या मागे गंमत. आवारातल्या मुलाच्या तोंडी मात्र दोन्हींचे एकच वाक्य होते: “नेटवर आलंय.” हा फरक ओळखायला शिकवणे हे आम्हांला गप्पा बंद करण्यापेक्षा महत्त्वाचे वाटते.

कधी कधी कष्टाची बातमीही अर्धीच उतरते. मार्च २०२१ मध्ये ‘ब्लूमबर्ग’ने लिहिले की निन्टेंडोच्या नव्या स्विचला सॅमसंगचा सात इंची ओएलईडी पडदा असेल आणि टीव्हीवर चित्र ४के दर्जाचे दिसेल. लोकांनी त्याला परस्पर ‘स्विच प्रो’ असे नावही देऊन टाकले. ६ जुलैला यंत्र जाहीर झाले. पडदा सात इंची, ओएलईडीच. ४के मात्र नाही. मग कंपनीवर नाराजीचा पाऊस पडला. त्या नाराजीकडे नीट पाहिले पाहिजे. निन्टेंडोने ४केचे वचन कधी दिलेच नव्हते. न दिलेले वचन मोडल्याबद्दल लोक तिच्यावर रुसले. घरात, भाऊबंदकीत, मंडळीतही असे किती रुसवे आपण पाहतो. कोणी तिसऱ्यानेच सांगितलेले असते की ते तुम्हांला बोलावणार आहेत, आणि बोलावणे आले नाही की राग त्यांच्यावर.

सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट सप्टेंबर २०२३ ची. मायक्रोसॉफ्टविरुद्ध अमेरिकेत सरकारी व्यापार आयोगाने खटला चालवला होता. त्यातले कंपनीचे अंतर्गत कागद चुकून न्यायालयाच्या संकेतस्थळावर उघडे पडले. त्यात गोल नळकांड्याच्या आकाराच्या, डिस्कची खाच नसलेल्या एका नव्या एक्सबॉक्सचा पूर्ण आराखडा होता; सांकेतिक नाव ब्रुकलिन, येण्याचे साल २०२४. ही काही अफवा नव्हे. कागद कंपनीचे, चित्र कंपनीचे. एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी मग सांगितले की हे कागद जुने, दरम्यान बरेच बदलले आहे. २०२४ मध्ये डिस्कशिवायचा एक्सबॉक्स आला खरा, पण जुन्याच चौकोनी खोक्यात, पांढऱ्या रंगात. ते नळकांडे आलेच नाही. उद्या अमक्या नगरात जाऊ, वर्षभर व्यापार करू, नफा मिळवू असे म्हणणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्रात जे सुनावले आहे ते इतक्या मोठ्या कंपनीच्या नियोजनालाही लागू पडावे, याची आम्हांला मौज वाटली.

आता कोणी म्हणेल, चूक निघाली तर निघाली, कोणाचे काय गेले? गेले, आणि आमच्या ओळखीच्या घरातच गेले. वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला. थोरला मुलगा बारावीत, त्याला चांगले गुण पडले तर नाताळला कन्सोल घेऊ असे कबूल केलेले. साल २०२४. त्या वर्षी १० सप्टेंबरला सोनीने प्लेस्टेशन ५ प्रो जाहीर केला आणि ७ नोव्हेंबरला तो परदेशांत विक्रीला आला. मुलाने वडिलांना ठासून सांगितले की साधा घेऊ नका, प्रो नाताळपर्यंत आपल्याकडे येणारच आहे. शहरातल्या एका दुकानदारानेही मान डोलावली आणि दहा हजार रुपये आगाऊ घेतले. प्रत्यक्षात सोनीने स्पष्ट केले होते की ज्या देशांत ६ गिगाहर्ट्झचा वायरलेस पट्टा अजून खुला नाही तिथे हे यंत्र मिळणार नाही, आणि त्यांत भारत होता. ही गोष्ट वर्तमानपत्रांतही आली होती. पण घरात ‘येणार’ हा शब्द इतका पक्का बसला होता की ती बातमी कोणी वाचलीच नाही. नाताळ गेला. ते दहा हजार परत मिळवायला वडिलांना पाळी संपवून त्या दुकानाच्या किती खेपा घालाव्या लागल्या हे त्यांनाच ठाऊक. पैसे आले तेही तीन हप्त्यांत.

मुलगा खोटे बोलला का? नाही. त्याला खरेच तसे वाटत होते. म्हणूनच खोट्या साक्षीविषयीची आज्ञा (आम्हां कॅथलिकांच्या मोजणीत आठवी, इतर मंडळींत नववी) शिकवताना नुसते ‘खोटे बोलू नये’ एवढे सांगून भागत नाही असे आम्हांला वाटते. साक्षीदार पाहिलेले सांगतो. न पाहिलेले पाहिल्यासारखे सांगणे हीही साक्ष बिघडवणेच, मग मनात कपट असो वा नसो. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने होय आणि नाही या दोन शब्दांची किंमत सांगितली. पण जिथे होयही माहीत नाही आणि नाहीही माहीत नाही तिथे वापरायला मराठीने तिसरा शब्द दिला आहे, तो आपण वापरत नाही.

सगळ्याच कुजबुजीला झोडपणे अन्यायाचे होईल. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनविषयी कितीतरी आधीपासून बोलले जात होते की त्याला इंटरनेटशी सतत जोडणी लागेल. मे महिन्यात यंत्र जाहीर झाले आणि ती भीती बरीचशी खरी निघाली. दिवसातून एकदा तरी जोडणी हवीच होती. गिऱ्हाइकांनी इतका गलका केला की जूनमध्ये कंपनीने ती अट मागे घेतली. लोक आधीपासून सावध होते म्हणूनच विरोध इतका लवकर उभा राहिला, असे आम्हांला वाटते.

आणि पालकहो, रागावू नका, पण आवारात फक्त मुलगेच अंदाज बांधत नाहीत. फादरांच्या बदल्यांचे दिवस आले की याच आवारात, बहुतेक याच झाडाखाली, आपण मोठी माणसे काय करतो? नवे फादर कोण, कुठून येणार, जुन्यांना का हलवले, सगळे आपल्याला बिशप हाउसच्या पत्राआधी ठाऊक असते. त्यातही ‘म्हणे’ क्वचितच ऐकू येते. मुलांनी ती रीत यूट्यूबवरून उचलली असे आपण म्हणतो. निम्मी त्यांनी आपल्याकडून उचलली असावी.

तेव्हा आम्ही गप्पा बंद केलेल्या नाहीत. वर्गात मात्र एवढे सांगितले आहे की जे ऐकले ते ‘म्हणे’ लावून सांगायचे, आणि कोणी कशावरून विचारले तर चिडायचे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीच्या मार्क सर्नी यांनी एएमडी कंपनीच्या अधिकाऱ्यासोबत एक चित्रफीत काढली. काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलसाठी दोन्ही कंपन्या कोणते तंत्र तयार करत आहेत ते त्यात सांगितले. त्यात किंमत नव्हती, तारीख नव्हती. मुलांना आम्ही ती चित्रफीत पाहून यायला सांगितले आणि त्यात जे बोलले गेले तेवढेच वहीच्या डाव्या पानावर लिहायला लावले. उजव्या पानावर आपापले तर्क, हवे तितके. डावे पान बहुतेकांचे पाच-सहा ओळींत संपले. उजवे कोणाचेच पुरले नाही.

वर्ग साडेनऊला सुरू होतो. तोवर आवार त्यांचेच आहे.