खचलेल्या किनाऱ्यावरचे वनीकरण

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने निकोबार बेटांवरील झाडे मोडली, हे खरे. पण त्याहून खोल हानी लाट पोहोचण्याआधी भूकंपानेच केली होती. बेटांची जमीनच खचली. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंट येथे, ती सुमारे सव्वाचार मीटर खाली गेली आणि किनाऱ्यावरचा दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. भरतीला झाकली जाणारी व ओहोटीला उघडी पडणारी पट्टी हे खारफुटीचे घर, तेच बुडाले. उपग्रहचित्रांच्या एका अभ्यासानुसार निकोबारची सुमारे ९७ टक्के खारफुटी नष्ट झाली. उत्तर अंदमानात नेमके उलटे घडले. तेथे जमीन वर उचलली गेली आणि भरतीचे पाणी न पोहोचल्याने खारफुटी उभ्या जागी वाळली.

म्हणूनच 'होती तेथे पुन्हा लावा' हे सूत्र या बेटांवर निरुपयोगी ठरते. किती रोपे लावली, हा आकडा अहवालात शोभून दिसतो. खरा प्रश्न भरतीची नवी रेषा कोठे आली, हा आहे. जेथे पूर्वी नारळीच्या बागा होत्या, तेथे आता खारे पाणी खेळते. नवी खारफुटी रुजायची ती अशाच जागी. कांदळाचे बीज झाडावर असतानाच अंकुरते, मग पाण्यावर तरंगत जाऊन सोयीच्या चिखलात मूळ धरते. मातृवृक्षच उरले नसतील तेथे माणसाने रोपे आणावीत. एरवी जागा मोकळी ठेवावी. प्रशासनाला नेमके हेच अवघड जाते, कारण मोकळ्या जागेचे उद्घाटन करता येत नाही!

माणसांची कथाही वेगळी नाही. ग्रेट निकोबारच्या किनारी गावांतील निकोबारी कुटुंबांना कॅम्पबेल बे परिसरातील वसाहतींत हलविण्यात आले. नारळ, केवडा व डुकरे यांवर उभे असलेले त्यांचे अर्थजीवन किनाऱ्याशीच बांधलेले. मूळ गावी परतण्याची त्यांची मागणी जुनी आहे.

दरम्यान गॅलाथिया उपसागरात वाहून गेलेली वाळू पुन्हा साचली आणि अंडी घालण्यासाठी लेदरबॅक कासवेही परतली. त्याच उपसागरातील अभयारण्य जानेवारी २०२१ मध्ये रद्द करण्यात आले. तेथे मोठे बंदर नियोजित आहे. संपूर्ण प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळविली जाणार असून, भरपाईचे वनीकरण समुद्र नसलेल्या हरियाणात करण्याचे ठरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये बेटावरील आदिवासी परिषदेने आपली संमती मागे घेतली.