आधी अक्षर, मग आज्ञावली

जयंतीचे फलक, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि मोबाइलवर फिरणारी निमंत्रणे पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. डिजिटल डिझाइनचे काम आता महानगरांपुरते राहिलेले नाही. ते तालुक्याच्या बाजारपेठेत येऊन पोहोचले आहे. वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलामुलींना पहिली कमाई मिळवून देणारा हा एक जवळचा मार्ग ठरू शकतो. तथापि पहिली कमाई आणि आयुष्यभराचा व्यवसाय यांत मोठे अंतर आहे. ते कसे कापावे, याचा विचार पालक, शाळा आणि समाज या तिघांनीही करावयास हवा.

‘तीन महिन्यांत डिझायनर व्हा’ अशा जाहिराती पाहून पालक प्रसंगी कर्ज काढून शुल्क भरतात. अशा वर्गांत बहुधा एखादी आज्ञावली शिकवली जाते. कोणते बटण कोठे आहे, एवढेच मुलाला कळते. परंतु आज्ञावल्या बदलत राहतात. काल कोरलड्रॉ आणि फोटोशॉप होते, आज फिग्मा आणि कॅनव्हा आहे, आणि चित्र मागताच काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. ज्याला केवळ बटणे ठाऊक आहेत, त्याचे काम सर्वप्रथम जाईल. मजकूर कोण वाचणार, किती अंतरावरून वाचणार आणि त्याच्या नजरेत प्रथम काय भरले पाहिजे, हे ठरवणाऱ्याचे काम टिकेल. रस्त्यावरच्या फलकावर बारा छायाचित्रे ठळक आणि कार्यक्रमाची वेळ मात्र कोपऱ्यात बारीक अक्षरांत, असे आपण नेहमी पाहतो. तेथे यंत्र कमी पडलेले नसते, विचार कमी पडलेला असतो.

आपल्या मुलांजवळ एक भांडवल आधीपासूनच आहे, ते म्हणजे मराठी. ‘आचार्यांना निमंत्रण’ आणि ‘आचाऱ्यांना निमंत्रण’ यांत केवळ एका ‘र’च्या रूपाचा फरक आहे; पण पहिले निमंत्रण गुरुजनांना जाते आणि दुसरे स्वयंपाक्यांना. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून निराळे असतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलतो, तर युनिकोडमधील मजकूर सर्वत्र वाचता व शोधता येतो. हे बारकावे जाणणाऱ्या डिझायनरची गरज प्रकाशकांना, वृत्तपत्रांना आणि शासकीय संकेतस्थळांनाही आहे. विंडोजवरील ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी हे कवी आणि सुलेखनकार होते, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. बोरू आणि कुंचला यांचा सराव संगणकाच्या आड येत नाही. तो त्याचा पाया आहे.

शिक्षणाचे दरवाजेही वाटतात तितके बंद नाहीत. शासकीय रेखाकला परीक्षा शाळेतूनच देता येतात. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ पासून, तर मुंबई आयआयटीचे औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ पासून हे शिक्षण देत आहे. मुंबईचे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय तर आपल्याच राज्यात आहे. आयआयटीच्या पदवी अभ्यासक्रमासाठी ‘यूसीड’ ही परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते. विज्ञान न घेतलेल्या मुलांच्या पालकांपर्यंत ही माहिती पोहोचलीच पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, घरच्या परिस्थितीमुळे चार-पाच वर्षे थांबणे शक्य नाही. हे खरे आहे. अशा मुलाने फ्लेक्सच्या दुकानात काम करण्यात मुळीच कमीपणा मानू नये. पडद्यावर झळाळणारा निळा रंग छापताना मंद का उतरतो, कडेला कापणीची जागा का सोडावी, हे तेथेच नीट कळते. इंकस्केप, गिंप आणि क्रिता या आज्ञावल्या विनामूल्य आहेत. ‘मुक्त’ आणि ‘बलू’सारखे उत्तम देवनागरी फॉन्टही मोफत मिळतात. निवडक दहा कामांचा संग्रह आणि प्रत्येक कामामागचे कारण सांगण्याची तयारी असेल, तर प्रमाणपत्राची उणीव पुष्कळ अंशी भरून निघते.

मात्र एक उणीव आपली, म्हणजे समाजाची आहे. ‘आपलाच मुलगा आहे, करून देईल’ असे म्हणून मंडळे, संस्था आणि नातेवाईक त्याच्याकडून रात्री-रात्री जागवून काम करून घेतात आणि चहावर बोळवण करतात. स्वेच्छेने दिलेले श्रमदान वंदनीयच आहे. पण संकोचामुळे नाकारता न आलेले काम हे दान नव्हे. छपाईवाल्याला आपण रोख पैसे देतो, मांडववाल्याला आगाऊ रक्कम देतो. मग ज्याच्या बुद्धीने फलक उभा राहिला, त्यालाच रिकाम्या हाताने का पाठवावे? ज्या घरात त्या पैशांतून किराणा यायचा असतो, तेथे या संकोचाची किंमत फार मोठी असते. मुलांनीही दर, मुदत आणि दुरुस्त्यांची संख्या आधीच लिहून घेण्याची सवय लावावी.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना नम्र आवाहन आहे. शाळेत एक खोली, चार जुने पण चालू संगणक आणि सुलेखनाचे साहित्य एवढी सोय आपण सहज करू शकतो. त्याबरोबरच, आपल्या दुकानाची पाटी, पुस्तकाचे मुखपृष्ठ किंवा घरच्या मंगलकार्याची पत्रिका यांपैकी निदान एक काम दरवर्षी येथून बाहेर पडलेल्या मुलाला किंवा मुलीला द्यावे, ते कसोशीने तपासून घ्यावे आणि त्याचे पूर्ण मोल चुकते करावे.