अंगठ्यावर टांगलेला शिधा

चेन्नईतील परप्रांतीय मजुरांना रेशन दिल्यास तामिळनाडूवर बोजा पडतो, हा युक्तिवाद मला मुळातच अमान्य आहे. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याचे धान्य केंद्राचे. २०२३पासून तर मोफत. तामिळनाडू ऑक्टोबर २०२०मध्ये 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत आले, म्हणजे सोलापूरचे कार्ड इथेही चालले पाहिजे. राज्याची तूरडाळ व पामतेल स्थानिकांनाच, हे एक वेळ समजू शकते. पण सिमेंटने झिजलेला अंगठा यंत्राने नाकारला, तर माणसाने काय करावे? गावी दुकानदार निदान ओळखतो. कार्डावरील दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो खरा. पण ती माणसे सोलापुरात! प्रत्येक दुकानात बुबुळ तपासणारे यंत्र असावे, एवढीच माझी मागणी आहे.