शिकारकथेचा निवेदक

शिकारीवरच्या पॉडकास्टचा निवेदक समोरच्या माणसाकडून काय काढून घेतो आणि काय विचारायचे टाळतो, यावर त्याची लायकी ठरते. भारदस्त आवाज ही नंतरची गोष्ट. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ही कसोटी अधिकच कडक आहे. ठासणीची बंदूक खांद्यावर टाकून ज्यांनी रान पाहिले, हाक्यात डबे बडवत जे झाडीत उतरले, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेली आहे. शिकारीवर बंदी आली हे योग्यच झाले. पण त्या पिढीला रानाची जी ओळख होती ती फारशी कुठे लिहिलेली नाही. ती बोलण्यातच उरली आहे. ती ओळख नीट उतरवून घेणे हे निवेदकाचे खरे काम. गोष्टीतला बंदुकीचा बार त्यामानाने दुय्यम आहे.

या कामाला लागणारे साहित्य सीमाभागात भरपूर आहे. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे आणि दाजीपूरचे रान ही दरबाराची राखीव शिकारभूमी होती. तेच रान 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. आजचे राधानगरी अभयारण्य ते हेच. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलाला 2011 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. चित्ते सांभाळणारे, हाकेकरी, फासेपारधी, कर्नाटकातले हरणशिकारी जमातीचे लोक, पिकाची राखण करणारे शेतकरी आणि वनरक्षक, अशा सगळ्यांच्या आठवणी मिळून इथल्या शिकारीचा इतिहास तयार होतो. निवेदक फक्त बंदूकवाल्याकडे गेला तर त्याला या इतिहासाचा एक कोपरा दिसतो. सावज कुठून उठेल हे बहुतेक वेळा हाकेकऱ्याला आधी कळत असे. त्याला मात्र सहसा कोणी बोलते केलेले नसते.

निवेदकाची पहिली तयारी कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली झाला. त्यानंतरही काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळत. 1991 च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. कायद्याच्या लेखी शिकार म्हणजे फक्त ठार मारणे नव्हे. पकडणे, फास लावणे, विष घालणे, हाकून काढणे, आमिष लावणे आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे त्यात येते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षांची कैद आहे. त्यामुळे ‘हे कधीचे?’ हा प्रश्न निवेदकाने ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधीच विचारून घ्यावा. परवान्याच्या काळातली गोष्ट इतिहासात मोडते. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट गुन्ह्यात. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टीला कार्यक्रमात जागा नाही, आणि हे पाहुण्याला मोकळेपणाने, मान राखून आधी सांगितलेले बरे.

दुसरी तयारी रानाची. डुकराचा आणि सांबराचा माग निवेदकाला वेगळा ओळखता आला नाही, तर पाहुणा दोन वाक्यांत विषय आटोपतो. पाणवठ्याच्या मऊ चिखलात डुकराच्या खुराची टोके बोथट उमटतात आणि खुरामागे दोन्ही बाजूंना उपखुरांच्या खुणा दिसतात. सांबराचा खूर लांबट आणि पुढे निमुळता असतो. ताज्या मागाची कड धारदार असते. ऊन लागले की ती वाळून ढासळते. ठशात पाणी अजून झिरपत असेल तर जनावर जवळ आहे असे जाणता माणूस सांगतो, आणि मागावर आडवे कोळ्याचे जाळे असेल तर तो माघारी वळतो. एवढे ठाऊक असलेला निवेदक ‘मामा, कड कशी होती?’ असे विचारतो, आणि मामांना ती सकाळ अख्खी आठवते.

यातूनच प्रश्न विचारण्याची रीत कळते. ‘किती मारली?’ या प्रश्नाला आकडा मिळतो, आणि तो दर वेळी थोडा वाढतो. ‘वारा कुठल्या अंगाने होता?’, ‘भेकर किती वेळ ओरडत होते?’, ‘त्या ओढ्याला तेव्हा पाणी कधीपर्यंत असे?’ या प्रश्नांना रानाची माहिती मिळते. पन्नास वर्षांपूर्वी अमुक ओढा होळीपर्यंत वाहत होता किंवा अमुक माळावर काळवीट चरत होते, ही नोंद अभ्यासकाला आणि वनखात्याला आजही उपयोगी पडते. पाहुणा गप्प झाला तर निवेदकाने ती जागा लगेच भरू नये. म्हातारी माणसे आठवण शोधताना थांबतात, आणि नेमकी गोष्ट बहुधा त्या थांबण्यानंतर येते.

भाषेचे भान इथे फार लागते. खानापूरचा शिकारी मराठीत सुरुवात करतो, जनावराचे नाव कानडीत घेतो, आणि बायकोने मधूनच काही विचारले तर कोंकणी वळणाने उत्तर देतो. निवेदकाने ते बोलणे पुस्तकी करू नये. अवघड शब्दाचा अर्थ पुढच्या प्रश्नात सहज गुंफून सांगता येतो. या बाबतीत लेखक व्यंकटेश माडगूळकर (1927–2001) हा मराठीतला मोठा दाखला आहे. 1955 पासून त्यांनी पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचे काम केले. बोलीचा बाज न बिघडवता ती सर्वांना कळेल अशी ऐकवण्याचे ते काम होते. हेच माडगूळकर आधी बंदूक घेऊन हिंडले आणि पुढे वही-दुर्बीण घेऊन नागझिऱ्याच्या जंगलात राहिले. शिकारीची नजर निरीक्षकाच्या नजरेत कशी उतरते, हे त्यांच्या लेखनात स्पष्ट दिसते. चांगला निवेदक पाहुण्यातला हाच प्रवास शोधतो: बंदूक कधी ठेवली, का ठेवली, आणि त्यानंतर रानात काय दिसू लागले.

ऐकलेले पडताळणे हीदेखील निवेदकाचीच जबाबदारी. ऑगस्ट 2022 मध्ये बेळगाव शहरातल्या गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या शिरला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शोधासाठी शिवमोग्याजवळच्या सकरेबैल छावणीतले हत्ती आणले गेले. अशा दिवसांत प्रत्येक गल्लीत बिबट्या दिसतो. त्या वेळी माईकसमोर बसलेल्या माणसाने ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ यांतली रेघ ठळक ठेवली, तर गावाची भीती आटोक्यात राहते. ती पुसली, तर लोक काठ्या घेऊन बाहेर पडतात आणि माणूस व जनावर दोघेही धोक्यात येतात. जुन्या गोष्टींनाही हाच नियम लागू आहे. एकाच वाघाची लांबी दोन घरांत दोन तऱ्हेने सांगितली जात असेल, तर दोन्ही ऐकवाव्यात आणि श्रोत्याला फरक सांगावा.

संपादन करताना काही गोष्टी काढायच्याच असतात. फास कसा बांधायचा, डुकरासाठी गावठी बॉम्ब कसा भरायचा, खवले मांजराचे बीळ कसे ओळखायचे, हे ऐकवले की ते शिकवल्यासारखेच झाले. ठिकाणांचेही तसेच. भीमगडमधल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतले, राटन यांच्या नावाने ओळखले जाणारे वटवाघूळ शास्त्राला 1913 पासून ठाऊक आहे आणि गुहेचे नावही छापून आले आहे. तरी तिथे जायची वाट आणि वटवाघळे टेकण्याची नेमकी जागा कार्यक्रमात सांगण्याचे कारण नाही. गुहेत गर्दी झाली तर वटवाघळे जागा सोडतात.

सर्वांत जास्त जपायचे ते पारधी आणि हरणशिकारी पाहुण्यांना. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश सरकारने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा 1952 साली रद्द झाला, पण संशय राहिला. कायदा रद्द होण्याच्या आधीच राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात फासेपारध्यांना कामे आणि घरे दिली, ती हा शिक्का पुसण्यासाठीच. अशा घरातला माणूस विश्वासाने बोलतो तेव्हा त्याच्या एका वाक्यामुळे उद्या दारात पोलीस येता कामा नये. त्याने नाव नको म्हटले तर नाव देऊ नये, आणि तयार भाग प्रसारणाआधी त्याला पूर्ण ऐकवावा.

शेतकऱ्याची बाजूही ऐकून घ्यावी लागते. रात्रभर माळ्यावर बसून राखलेले भात किंवा ऊस डुकरांनी लोळवला, की संताप येणारच. तो संताप निवेदकाने दडपू नये, त्याला खतपाणीही घालू नये. पहिल्या अनुसूचीबाहेरचे जनावर उभ्या पिकाला धोकादायक झाले, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी परवानगी देऊ शकतो, अशी तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 मध्ये आहे. नुकसानभरपाईसाठी वनखात्याकडे अर्ज करता येतो. ही माहिती त्याच भागात दिली, तर गाऱ्हाण्याबरोबर वाटही सांगितली जाते.

शेवटचे काम ध्वनिमुद्रण संपल्यानंतरचे. कापलेल्या भागाबरोबर मूळ ध्वनिफीतही तारीख, गाव, ऋतू आणि पाहुण्याची संमती यांच्या नोंदीसह जपून ठेवावी. प्रसारित भाग लोक एकदा ऐकतात. मूळ फीत मात्र उद्याच्या अभ्यासकाला या रानाचा जुना साक्षीदार मिळवून देते, आणि ती पुढे वापरता येईल अशा स्थितीत सोपवणे हा निवेदकाच्या कामाचाच भाग आहे.