लंडनच्या बागेंत चिमणीचा शोध

वाचकहो, एप्रिलच्या अंकासाठीं ह्या सदराचा मजकूर उशिरा पोंचला, त्याचें कारण आज सांगतों. त्या आठवड्यांत मी चक्क लंडनास होतों! माझा पुतण्या ग्रंथविक्रीचा धंदा करतो. संस्कृत व्याकरणाचे कांहीं जुने ग्रंथ तेथील एका विक्रेत्याकडून त्याला घ्यावयाचे होते. "काका, पानें पुरीं आहेत कीं नाहींत, हें तुमच्यावांचून कोण सांगणार?" असें म्हणून त्यानें मला बरोबर घेतलें. मुक्काम पांच दिवसांचा. काम दहा वाजल्यानंतर सुरू व्हावयाचें, आणि माझी झोंप मात्र पुण्याच्या घड्याळाप्रमाणें मध्यरात्र उलटतांच मोडावयाची! तेव्हां उजाडण्याची वाट पाहावी आणि सहाला केन्सिंग्टन गार्डन्सचें फाटक उघडतांच आंत शिरावें, असा क्रम ठरून गेला.

ह्या बागेंतील लांबट तळें शेजारच्या हाइड पार्कमधील सर्पेंटाइन सरोवराशीं जोडलेलें आहे. १७३० सालीं कॅरोलाइन राणीच्या इच्छेवरून वेस्टबोर्न नांवाचा ओढा अडवून तें करण्यास आरंभ झाला. परमुलखांत कोणी ओळखीचें भेटेल अशी मला आशा नव्हती. पण पहिल्याच सकाळीं पाण्यावर काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा ल्यालेला एक पक्षी दिसला. हा तर आपला वारकरी! हिंवाळ्यांत आपल्याकडील तलावांवर हाच पक्षी थव्यांनीं दिसतो. पलीकडे काठावर राखी बगळा ध्यानस्थ उभा होता. तोही आपल्याच जातीचा. वर्गांत चाळीस वर्षें 'बकध्यान' शिकविलें. परंतु बगळ्याची ती एकाग्रता स्वस्थ बसून मीं पाहिली ती तेथें, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं!

दुसऱ्या दिवशीं डोक्यावरून चिरपरिचित कर्कश किलबिल ऐकूं आली. वर पाहतों तों हिरवे पोपट, तांबडी चोंच, गळ्याला गुलाबी कंठ! संस्कृत कवींचा शुक विलायतेंतील झाडाच्या ढोलींत संसार थाटून बसला होता. पिंजऱ्यांतून सुटलेल्या व सोडलेल्या पोपटांची ही प्रजा १९७० च्या सुमारापासून इंग्लंडांत मोकळेपणीं अंडीं घालूं लागली, आणि थंडीला न जुमानतां तेथें रुळली. लोक त्यांना हातावर सफरचंदाच्या फोडी देतात; बागेचे चालक मात्र 'तसें करूं नका' अशी विनंती करतात.

तिसऱ्या दिवशीं मनांत आलें, इतके सगळे दिसले, पण चिमणी कोठें? जी घराघरांत असावयाची, ती एकही नजरेस पडेना. बाकावर रोज भेटणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना मीं विचारलें. ते खिन्नपणें हंसले आणि त्यांनीं ह्याच बागेंतील शिरगणतीचा वृत्तांत सांगितला. १९२५ सालीं मॅक्स निकल्सन ह्या एकवीस वर्षांच्या तरुणानें येथील चिमण्या मोजल्या, त्या २,६०३ भरल्या. १९४८ मध्यें ८८५ उरल्या, १९७५ मध्यें ५४४, १९९५ मध्यें ४६, आणि २००० सालीं अवघ्या आठ! लंडनांत इतरत्र चिमण्या अगदींच नाहींत असें नव्हे. परंतु २००२ पासून त्या देशांतील विशेष चिंताजनक पक्ष्यांच्या यादींत चिमणीचें नांव आहे.

तो आंकडा ऐकला आणि मला आमचा वाडा आठवला. बारा वर्षांपूर्वीं तो पाडून तेथें नवी इमारत उभी करावयाचें ठरलें, तेव्हां करारावर पहिली सही माझी होती. माजघराच्या तुळयांत, देवादिकांच्या तसबिरींमागें चिमण्यांचीं घरटीं असत. सही झाली त्या रात्रीं वहिनी म्हणाल्या, "भावोजी, प्रत्येकाला किती खोल्या तें लिहून घेतलेंत, चिमण्यांच्या नांवें काय लिहिलेंत?" मीं हंसून उत्तर दिलें, "त्यांना पंख आहेत वहिनी, त्या पाहून घेतील." त्या पुढें बोलल्या नाहींत. माझें उत्तर मला त्या वेळीं मोठें चतुर वाटलें होतें!

चिमण्या कां घटल्या ह्याचें एकच एक कारण नाहीं. गुळगुळीत भिंती व बंद छपरें ह्यांत घरट्याला फट उरत नाहीं. दाणे खाणारी चिमणी पिलांना मात्र किडेअळ्या भरविते. कुंपणाचीं झुडपें गेलीं, औषधांचे फवारे आले, म्हणजे पिलांचें अन्नच तुटलें. आपल्या देशांत २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या पक्षिविषयक अहवालाप्रमाणें एकंदर संख्या पुष्कळशी स्थिर आहे. परंतु मुंबईसह सहा महानगरांत घट दिसते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर ह्यांच्या पुढाकारानें २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिन पाळला जातो, हें वाचकांस ठाऊक असेलच.

परत आलों. वहिनींचें वय आतां एकोणऐंशीं. त्यांनीं राजवाड्याविषयीं कांहीं विचारलें नाहीं, "तिकडे चिमण्या होत्या का?" एवढेंच विचारलें. मीं सगळें सांगितलें, आणि बारा वर्षांपूर्वींच्या त्या उत्तराबद्दल क्षमाही मागितली. त्या म्हणाल्या, "क्षमा माझी कशाला मागतां? एक खोकें आणा."

तसें आणलें. सव्वा इंचाचें भोंक, ऊन व मांजर पोंचणार नाहीं अशी जागा, आंत रंग नाहीं. इमारतींतील मंडळींस सांगून कुंपणाला मेंदी लावविली आणि तिच्यावर फवारा न मारण्याचें कबूल करून घेतलें. खोकें अद्याप रिकामें आहे. परवां मात्र एक नर कठड्यावर येऊन बसला, त्यानें आंत डोकावून पाहिलें आणि तो उडून गेला. वहिनींनीं तो दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेविला आहे.

वाचकहो, आपणांस एकच विनंति. येत्या रविवारीं सकाळीं अर्धा तास घरांतील मुलांना घेऊन अंगणांत किंवा सज्जांत बसा, आणि चिमण्या मोजा. आंकडा तारखेसह वहींत टिपून ठेवा. शून्य आला तर शून्यही लिहा. निकल्सननें त्या दिवशीं मोजलें नसतें, तर काय गेलें हें लंडनास कळलेंही नसतें.