मधमाशीचें नाक

लोणी कढवावयास ठेवून सून दुसऱ्या कामाला लागली, कीं माजघरांतून सासूबाईंचा आवाज येतो, “अगं, तूप उतर, बेरी करपेल!” चुलीपाशीं न येतां त्यांस हें कळलें कसें, असें विचारावें तर “वासावरून” एवढेंच उत्तर मिळेल. तो वास कसा असतो, हें मात्र कोणालाहि शब्दांत सांगतां येत नाहीं. रंगांना आपण तांबडा, निळा अशीं स्वतंत्र नांवें दिलीं. वासासाठीं मात्र जुईचा, कापराचा, करपल्याचा असें वस्तूचेंच नांव उसनें घ्यावें लागतें. आणि तरीहि वास ओळखण्यांत आपण सहसा चुकत नाहीं. मग ज्या मधमाशीचा सबंध मेंदू तिळाहूनहि लहान, ती एका फुलाचा वास दुसऱ्यापासून निराळा कसा काढीत असेल?

तिला आपल्यासारखें नाक नाहीं. डोक्यावरील दोन स्पर्शिकांनीं ती वास घेते. तिला काय कळलें हें तिच्याकडूनच काढून घेण्याची युक्ति शास्त्रज्ञांनीं शोधली आहे. माशीला थंडीनें गुंगवून एका लहानशा नळींत अशी बसवितात, कीं डोकें तेवढें बाहेर राहावें. स्पर्शिकेला साखरेच्या पाण्याचा थेंब लागला कीं शुद्धीवर आलेली माशी सोंड पुढें करते. आधीं एखादा वास सोडावयाचा व लागलीच साखरपाणी द्यावयाचें, असें दोनतीनदां केलें म्हणजे नुसत्या वासानेंच सोंड बाहेर येऊं लागते. नंतर दुसराच वास सोडून पाहावा. सोंड आली तर तिच्या मतें वास तोच, न आली तर निराळा. न्यायालयांतील कित्येक साक्षीदारांपेक्षां ही साक्ष अधिक सरळ म्हटली पाहिजे!

आतां आंत काय घडतें तें पाहूं. प्रत्येक स्पर्शिकेंत गंध जाणणाऱ्या सुमारें ६०,००० पेशी असतात. त्यांचे तंतु मेंदूंत शिरून सुमारें १६० बारीक गुच्छांत विसावतात. म्हणजे मधमाशीला १६० च वास कळतात, असें मात्र नव्हे. कोणत्याहि वासानें एकदम अनेक गुच्छ जागे होतात, कांहीं अधिक, कांहीं कमी. आणि कोणते गुच्छ किती जागे झाले, यावर तो वास ठरतो. आपल्या वर्णमालेंत अक्षरें पन्नासांच्या आसपास, पण त्यांतून शब्द किती होतात!

परंतु एवढ्यानेंहि भागत नाहीं. टोळ व मधमाशी यांच्या मेंदूंतील या पेशी वास येतांच एका तालांत, सेकंदास वीस-तीस वेळां, स्पंदन करूं लागतात. हा ताल कशासाठीं? १९९७ सालीं मार्क स्टॉपफर, जिल लोराँ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पिक्रोटॉक्सिन नांवाच्या औषधानें मधमाश्यांचा हा ताल तेवढा मोडला. त्या माश्या आंधळ्या झाल्याप्रमाणें गोंधळल्या काय? मुळींच नाहीं. हेक्झॅनॉल शिकविलेल्या माशीला जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबांत व खानदेशाकडील रोशा गवताच्या तेलांत असणारा सुगंध, निराळा आहे हें कळत होतें. पण हेक्झॅनॉलचेंच जवळचें भावंड जें ऑक्टॅनॉल, त्याच्यापुढें मात्र ती फसली. भजनांत टाळ चुकले तरी अभंग कोणता हें ओळखूं येतें. दोन सारख्या चालींतला फरक मात्र हरवतो, तसाच हा प्रकार.

गुच्छांकडून निघालेली वर्दी पुढें जेथें जाते, त्या छत्राकार भागाचें वर्णन फेलिक्स द्युजार्दें या फ्रेंच पंडितानें १८५० सालींच केलें होतें, व त्याचा संबंध कीटकांच्या बुद्धीशीं जोडला होता. मेंदूच्या प्रत्येक बाजूस या भागांत सुमारें १,७०,००० पेशी असतात, पण एका वासाला त्यांतील थोड्याच बोलतात. बाकीच्या गप्प राहतात. गर्दी नसल्यामुळें एका वासाची आठवण दुसऱ्या वासाच्या आठवणींत मिसळत नाहीं.

एक व्यावहारिक गोष्ट जातां जातां सांगून ठेवतों. मधमाशी डंख मारतांना जो इशाऱ्याचा वास सोडते, त्यांतील मुख्य द्रव्य आयसोअमाइल ॲसिटेट आहे, हें १९६२ सालीं सिद्ध झालें. आणि पिकल्या केळ्याच्या घमघमाटांतहि तेंच प्रामुख्यानें असतें. तेव्हां परसांतील पोळ्याखालीं मुलांना केळीं खाऊं देऊं नयेत.

या व्यवस्थेवर नवें संकट रस्त्यावरून येत आहे. इंग्लंडांतील साउथॅम्प्टन येथील संशोधकांनीं रेपसीड, म्हणजे आपल्या मोहरीचेंच एक भावंड, याच्या फुलांतील आठ गंधद्रव्यें डिझेलच्या धुरांत मिसळून पाहिलीं. तें संशोधन २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. मिनिटभरांत त्यांतील दोन द्रव्यें नाहींशीं झालीं. मग तीं दोनच वगळून उरलेल्या सहांचें मिश्रण, पूर्ण वास शिकलेल्या माश्यांपुढें सोडण्यांत आलें. सोंड पुढें करणाऱ्या माश्यांची संख्या एकदम घटली.