पाच ताऱ्यांची दाद

इंदुरात खाण्याविषयी ज्याला मत नाही असा माणूस सापडणे कठीण. सराफ्यात सोन्याचांदीच्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांसमोर कढया चढतात, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत तेथे खाणे व मत देणे ही दोन्ही कामे एकाच तोंडाने चालतात. “आज कीस जरा कोरडा झाला, भैयाजी,” असे गिऱ्हाइकाने म्हटले की दुकानदार एक तर वर पळीभर दूध घालतो, नाही तर “बाबूजी, भुट्टा ही पक्का आ रहा है,” असे सांगून मोकळा होतो. मत देणारा समोर, घेणारा समोर, आणि ज्याच्याविषयी मत तो कीस दोघांच्या मध्ये दोन्यात.

आता शहर पसरले आहे. नव्या वस्त्यांत काचेच्या दारांची, उंच खुर्च्यांची, उघड्या विटांच्या भिंतींची उपाहारगृहे निघाली आहेत. पाटीवर ‘डायनर आणि कॉकटेल बार’ असे लिहिलेले असते. आपल्या जुन्या घरांतली मंडळीही तेथे जाऊ लागली आहेत. नातवाचा वाढदिवस, सुनेची बढती, अमेरिकेहून आलेला भाचा, असे निमित्त होते. परंतु जाण्याआधी मोबाइल काढून अभिप्राय वाचण्याचा एक संस्कार होतो. रामबागेतल्या एका सत्तरीच्या काकूंना मी परवा “चार पूर्णांक तीन आहे, जायला हरकत नाही,” असे म्हणताना ऐकले. पूर्वी हा स्वर पत्रिका जुळवतानाच लागत असे.

या अभिप्रायांविषयी मला काही म्हणायचे आहे, कारण त्यांचा माझ्या धंद्याशी संबंध येऊ लागला आहे. तो कसा, ते पुढे सांगतो. आधी, अशा एका ठिकाणाविषयी लोकांनी लिहिलेले ऐंशी-नव्वद अभिप्राय मी एका बैठकीत वाचून काढले त्याची हकिकत. वाटले होते की पदार्थांविषयी वाचायला मिळेल. मिळाले ते असे: गाडी लावायला जागा नाही. उजेड छायाचित्रासाठी छान आहे, किंवा अंधार फार आहे. टेबलासाठी चाळीस मिनिटे थांबावे लागले. शौचालय स्वच्छ आहे. ‘वातावरण’ हा शब्द तर जवळजवळ प्रत्येकात. पदार्थ मात्र ‘मस्त’ किंवा ‘ठीक’ यापलीकडे क्वचितच गेलेले. ग्लासाच्या कडेला जिरावण लावून दिलेल्या एका पेयाविषयी दोघांनी सविस्तर लिहिले होते; एकाला ती कल्पना आवडली, दुसऱ्याला तो जिरावणाचा अपमान वाटला. ते दोघे खरे खाणारे-पिणारे.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कितीतरी अभिप्रायांत वाढणाऱ्या मुलांची नावे होती, अमक्याने उत्तम सेवा दिली म्हणून. आपले गिऱ्हाईक एवढे गुणग्राहक कधी झाले? चौकशी करता कळले की बिल आणून ठेवताना तो मुलगाच हळूच विनंती करतो, “सर, पाच तारे द्या, आणि माझे नाव लिहा.” अनेक ठिकाणी महिन्याअखेर कोणाचे नाव किती वेळा आले ते मोजतात. म्हणजे ज्याला आपण मत समजतो, ते त्या मुलाच्या पगारपत्रकातली एक ओळ असते. दिली तर दोष नाही, परंतु काय देत आहोत हे माहीत असावे.

‘डायनर’ या शब्दाचाही थोडा इतिहास आहे, आणि तो येथे उपयोगी पडेल. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरी १८७२ साली वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने (कादंबरीकार नव्हे) घोडागाडीतून रात्रपाळीच्या कामगारांना आणि छापखान्यातल्या लोकांना खाणे विकायला सुरुवात केली. त्यातून पुढे आगगाडीच्या डब्यासारखी, कारखान्यात घडवून जागेवर आणून ठेवलेली खानावळ झाली. मध्ये लांब कट्टा, अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे तवा आणि तवेवाला. अंडे जळले तर ते जळताना दोघांनाही दिसे. म्हणजे मूळचा डायनर हा आपल्या सराफ्याचाच भाऊबंद. आमच्याकडच्या नव्या डायनरांत कट्टा आहे, पण त्यामागे पेये बनवणारा उभा असतो. आचारी आत, दोन दारांपलीकडे. त्याच्यापर्यंत गिऱ्हाइकाचा चेहरा पोचत नाही, आकडा तेवढा पोचतो.

गिऱ्हाइकांची मते गोळा करून छापण्याची कल्पना मुळात वाईट नव्हती. न्यूयॉर्कमध्ये टिम आणि नीना झॅगट या वकील पतिपत्नींनी १९७९ साली ते सुरू केले. वर्तमानपत्रातल्या समीक्षकांवर त्यांच्या मित्रमंडळींचा विश्वास उरला नव्हता, तेव्हा त्यांनी मित्रांनाच प्रश्नपत्रिका दिल्या. त्यांची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते: अन्न, सजावट आणि सेवा यांना वेगवेगळे गुण, प्रत्येकी तीसपैकी. अन्न चांगले पण खुर्ची वाईट, असे म्हणायची सोय होती. सगळ्याची खिचडी करून एकच आकडा काढण्याची रीत नंतरची.

समीक्षकांवरचा तो अविश्वास निराधार नव्हता हे १९९३ साली एका समीक्षक बाईनेच दाखवून दिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रूथ रायकल या ‘ल सर्क’ नावाच्या प्रतिष्ठित उपाहारगृहात वेश पालटून, साध्या बाईच्या रूपात गेल्या. त्यांना ताटकळत ठेवले, कोपऱ्यातले टेबल दिले. पुढे त्या ओळखल्या गेल्या तेव्हा मालकाने सांगितले की स्पेनचे राजे बारमध्ये थांबले आहेत, पण आपले टेबल तयार आहे. बाईंनी दोन्ही भेटींचे वर्णन एकाच लेखात छापले आणि चार ताऱ्यांचे तीन केले. ताटकळलेल्या साध्या गिऱ्हाइकाला आज स्वतःच लिहिता येते, ही मोबाइलची देणगी मी नाकारीत नाही. ती फार मोठी आहे.

पण तिची दुसरी बाजू लंडनमध्ये २०१७ साली दिसली. ऊबा बटलर नावाचा एक तरुण पूर्वी पैसे घेऊन उपाहारगृहांचे खोटे अभिप्राय लिहीत असे. त्याने डलिच भागात आपण राहतो ती बागेतली खोपटी ‘द शेड’ या नावाने उपाहारगृह म्हणून नोंदवली. पदार्थांची छायाचित्रे काढली ती दाढीचा फेस आणि रंगवलेले स्पंज वापरून. एका ताटातले मांस म्हणजे त्याचीच टाच होती. ओळखीच्या लोकांनी अभिप्राय लिहिले. एकही ताट वाढले गेले नसताना ते ठिकाण नोव्हेंबरात ट्रिपॲडव्हायझरच्या यादीत लंडनमधील अठरा हजारांवर उपाहारगृहांत पहिले आले. पुढे त्याने एक रात्र खरोखर मंडळींना बोलावून दुकानातले स्वस्त तयार जेवण गरम करून वाढले, तर जेवणाऱ्यांपैकी काहींनी पुन्हा येण्याविषयी विचारले. वाचून हसू येते, आणि मग येत नाही. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. लिहिणाऱ्याची ओळख पडताळावी, पैसे देऊन लिहवून घेतलेले छापू नये, असे त्यात आहे. निघाले तेव्हा ते ऐच्छिक होते. ऐच्छिक पथ्य किती लोक पाळतात ते आपण जाणतोच.

हे सगळे हसण्यावारी न्यायला माझी हरकत नव्हती, जर त्या आकड्यांवर पोटे अवलंबून नसती तर. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी सिएटल शहरातल्या उपाहारगृहांचा हिशेब तपासून २०११ साली दाखवले की एक तारा वाढला तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते. आणि हा परिणाम ज्यांच्या शाखा गावोगाव आहेत अशांवर होत नाही, एकट्या-दुकट्या स्वतंत्र दुकानांवर होतो. जो मोठा आहे त्याला तारा लागत नाही. ज्याने घर गहाण टाकून दुकान काढले त्याचाच जीव त्यात.

आता माझा संबंध. आठ वर्षे माझ्याकडे सतार शिकणारा एक मुलगा अशाच एका ठिकाणी शुक्रवारी आणि शनिवारी रात्री वाजवीत असे, जोडीला तबल्यावर त्याचा मित्र. एका पाहुण्याने लिहिले: जेवण उत्तम, पेये उत्तम, संगीत झोप आणणारे, दोन तारे. त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणी गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून एक तारा दिला. दुकान नवे, अभिप्राय थोडे. दशांशचिन्हापुढचा आकडा एकाने घसरला. मालकाने शनिवार काढून टाकला आणि तेथे ध्वनिमुद्रित गाणी लावली. शनिवारच्या बिदागीतून तो मुलगा खोलीचे भाडे भरी.

संगीताविषयीचे ते मत मला अमान्य नाही. बर्फ फोडण्याच्या खडखडाटात यमनाची विलंबित गत वाजवणे हा शहाणपणा नव्हे. मी त्याला तसे सांगितलेही. “गुरुजी, मग काय वाजवू?” असे त्याने विचारले, आणि आम्ही खमाज, पिलू, एक-दोन धुना अशी दोन तासांची बांधणी करून दिली. मत समोर आले असते तर दुरुस्ती शुक्रवारीच झाली असती. पण ते दोन तारे होऊन आले, त्यांत गाडीच्या जागेचा एक तारा मिसळला, आणि मालकाने बेरीज पाहून जे कापायला सर्वांत सोपे ते कापले. गाडीची जागा त्याला वाढवता येत नव्हती. सतारिया कमी करता येत होता.

आमचे वडील होळकर दरबारी सतारिये होते. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा ते जेमतेम विशीत होते; मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबारातली दाद फार निर्मळ होती असा आव ते कधी आणीत नसत. महाराजांची मान हलेपर्यंत मानकऱ्यांच्या माना हलत नसत, आणि महाराज पान लावून घेत असतील तर उत्तमातली उत्तम जागाही कोरडी जाई. तरी एक होते. कोण कशाला मान हलवतो ते वाजवणाऱ्याला दिसे. समेवर हललेली मान एक, आणि शेजाऱ्याची पाहून हललेली दुसरी, दोन्हींची किंमत बसल्या जागी कळे, आणि वडील घरी आल्यावर सांगत, “आज चारच माणसे होती.” दरबार भरलेला असे. आजच्या वाजवणाऱ्याला नव्वद जणांचे मत मिळते, पण त्यांतली ती चार माणसे कोणती हे कळण्याचा मार्ग त्याच्याकडे नाही.

यात आपण जुनी मराठी मंडळीही अगदी निर्दोष नाही. आपली सर्वोच्च स्तुती ‘बरे होते’ ही. पंगतीत यजमान विचारतो तेव्हा आपण ‘वा, वा’ म्हणतो आणि हात धुऊन ओट्यावर आलो की मठ्ठ्यातले मीठ काढतो. नव्या उपाहारगृहातही तेच: तेथे काही बोलायचे नाही, परतीच्या वाटेवर गाडीत सगळे बोलायचे. समाधानी माणूस लिहीत नाही, कारण त्याला लिहिण्याजोगे काही झालेले वाटत नाही. लिहितो तो एक तर फार खूष, नाही तर फार चिडलेला. मग सरासरी निघते ती टोकांची. मधल्या ज्या शंभर जणांनी शांतपणे जेवून सतार ऐकली, त्यांच्यातल्या दहांनी दोन ओळी लिहिल्या असत्या तर त्या मुलाचा शनिवार कदाचित राहिला असता.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. मालकांनी बेरजेकडे पाहण्याआधी ओळी वाचाव्यात, आणि गाडीच्या जागेचा राग वादकाच्या किंवा वाढणाऱ्याच्या पगारातून वळता करू नये. आणि आपण लिहावे. पण उणे असेल ते आधी टेबलावर, माणसाला, तोंडाने सांगावे, आणि मग लिहायचेच तर काय खाल्ले, कोणत्या वारी, किती वाजता, हे लिहून अन्न, सेवा, जागा आणि संगीत यांचा हिशेब झॅगट दांपत्यासारखा वेगवेगळा मांडावा.

मी गेल्या शुक्रवारी त्या ठिकाणी जाऊन आलो आणि रात्री घरी येऊन लिहिले. शुक्रवार, रात्री साडेआठ. भुट्ट्याचा कीस मागवला. भुट्टा कोवळा होता, हिंग कमी पडले, ते वाढणाऱ्या मुलाला सांगितले, त्याने आत जाऊन दुसरा आणला आणि तो चांगला होता. लिंबू-सोडा उत्तम, मद्य मी घेत नाही, त्याविषयी मत नाही. खुर्च्या साठीपुढच्या माणसांना उंच आहेत, पाय टेकायला दांडी हवी. प्रकाश पुरेसा. सतारीचे तार नीट लागलेले, खमाज गोड झाला, झाल्यात तबल्याने मात्र घाई केली. बर्फाचे यंत्र वादकांपासून दहा पावले दूर हलवता येईल, जागा आहे, मी मोजून पाहिली. गाडी मी नेली नव्हती.